तळमजला कुणाचा?

पुण्याच्या नारायण पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे इमारत बांधायचं नक्की झालं आहे. अकरा बिऱ्हाडांच्या सह्या झाल्या, विकसकाशी बोलणी झाली आणि काकांनी नकाशाचा पहिला मसुदा केला. काका आर्किटेक्ट आहेत. पेठांमधल्या वाड्यांचे नकाशे महापालिकेतून मंजूर करून आणण्यात त्यांची हयात गेली. आई भूगोलाची शिक्षिका होती. लग्न झाल्यापासून ती याच वाड्यात राहते आणि पेठेत कुठेही जायचं तर पायीच जाते.

वाद झाला तो फ्लॅटच्या आकारावरून नाही, तळमजल्यावरून. आज वाड्याला रस्त्याच्या अंगाने चार गाळे आहेत : बाइंडर, शिंपी, पिठाची गिरणी आणि वह्या-पेनांचं दुकान. मसुद्यात त्या जागी खांब होते आणि खांबांच्या मधे एकाला एक लागून आखलेले आयत. दर्शनी बाजूला फक्त गेट. गेल्या काही वर्षांत पेठांमध्ये वाडे जाऊन ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरींचा तळमजला असाच आहे. म्हणून घरातलाच वाद असला तरी तो लिहून ठेवावासा वाटला. मी आईच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. पण काकांचं म्हणणं वरवरचं नाही, आणि त्यातलं काही आईलाही खोडता आलं नाही.

आई : भाऊजी, या नकाशात आपला बाइंडर कुठे आहे?

काका : मागच्या बाजूला, जिन्यालगत दोन गाळे काढलेत. दोघांची सोय तिथे होईल. उरलेले दोघं पहिल्या मजल्यावर.

आई : गिरणी पहिल्या मजल्यावर? दळणाचा डबा घेऊन कोण चढणार? आणि गेटच्या आत, गाड्यांच्या मागे बाइंडर बसलाय हे येणाऱ्याला कळणार कसं?

काका : वहिनी, हे मी हौसेनं काढलेलं नाही. राज्य सरकारची २०२० च्या डिसेंबरात आलेली नियमावली आहे, यूडीसीपीआर. तिच्यात तक्ताच दिलाय : इतक्या चटईक्षेत्राच्या फ्लॅटला इतक्या मोटारी, इतक्या दुचाकी. मोटारीला अडीच मीटर बाय पाच, दुचाकीला एक बाय दोन. शिवाय गाडी वळवायला जागा सोडावी लागते. आपला प्लॉट अरुंद आणि खोल. तक्ता भरायचा तर तळमजला संपतो. दुसरं असं, की पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर मंजूर होणाऱ्या बांधकामात, धरत नाहीत, दुकानाचं धरतात. दुकानाला बाजारात दर चांगला येतो हे मला ठाऊक आहे. पण हे गाळे विकायचे नाहीत, जुन्या भाडेकरूंना द्यायचेत. तेवढा एफएसआय विकसकाच्या हातून जातो. तो कशाला तयार होईल?

आई : अकरा बिऱ्हाडांत मोटारी किती आहेत?

काका : आज तीन. पण वर जे नवे फ्लॅट विकले जातील, ते घेणाऱ्या प्रत्येकाकडे असेल.

आई : म्हणजे जे अजून आले नाहीत, त्यांच्या गाड्यांसाठी इथे रोज काम करणाऱ्या चौघांना मागे ढकलायचं.

मी दुसऱ्या दिवशी बाइंडरच्या गाळ्यात टेप घेऊन गेले. दहा फूट बाय बारा फूट, १२० चौरस फूट. मोटारीचा आयत साडेबारा चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. मोटारीला लागते त्याहून कमी जागेत कटिंगचं मशीन आहे, भिंतीला लागून लाकडी शिकंजा आहे, पुठ्ठ्यांची थप्पी आहे, आणि दोन माणसं समोरासमोर बसून दोरा ओवतात. विद्यापीठाच्या प्रबंधांना काळी पाठ आणि सोनेरी अक्षरं इथेच चढतात. अप्पा बळवंत चौक हाकेच्या अंतरावर आहे. पुस्तकांची ती सगळी बाजारपेठ अशाच छोट्या गाळ्यांच्या आधारावर उभी आहे. मोटार मात्र दिवसाचा बहुतेक वेळ नुसती उभी असते. शहराच्या मध्यभागी, जिथे इंच न् इंच महाग, तिथे नियम सांगतो की या दोन उपयोगांपैकी दुसऱ्यासाठी जागा राखणं सक्तीचं. मला हे पटत नाही.

काकांना हा हिशेब सांगितला तेव्हा ते म्हणाले, की हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे.

काका : पेठा रिकाम्या होताना मी पाहिल्यात. १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठची घरं गेली, लोक गोखलेनगरला, सहकारनगरला गेले. ती आपत्ती होती. त्यानंतर लोक गेले ते आपणहून गेले. मुलगा नोकरीला लागला, त्यानं गाडी घेतली, वाड्यात लावायला जागा नाही, कोथरूडला फ्लॅट बघितला. वाड्यात म्हातारी माणसं उरली. आज जे जोडपं दीड-दोन कोटी मोजणार आहे, त्याचा मला पहिला प्रश्न असतो, पार्किंग आहे ना? नाही म्हटलं की ते बाणेरला जातात. पुनर्विकास अडला की वाडा तसाच उभा राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत खाली येते. तुमचे चार गाळे त्या भिंतीखालीच आहेत, वहिनी.

आई यावर गप्प राहिली. वाड्याची मागची भिंत गेली काही वर्षं लाकडी टेकूंवर उभी आहे, आणि तिला लागूनच आमचं स्वयंपाकघर आहे.

आई : पुनर्विकास नको असं मी म्हणतच नाही. गाड्यांना जागा देत गेलो की आणखी जागा लागते, एवढंच माझं म्हणणं आहे. मंडईपाशी बघा. १८८६ मध्ये बांधलेली मंडई. शेजारी आर्यन थिएटर होतं, मिनर्व्हा होतं. दोन्ही गेली आणि तिथे महापालिकेचे वाहनतळ झाले. नावंही तीच, आर्यन आणि मिनर्व्हा. एवढं करून मंडईभोवती गाडी लावायला जागा मिळते का? नदीपात्रसुद्धा आपण गाड्यांना दिलं. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल बुडतो, पात्रातल्या गाड्या हलवा म्हणून पुकारा होतो, तरी चार-दोन पाण्यात सापडतातच. नदीच्या वाटेत गाड्या लावायची वेळ आली, तरी पुरेना. अजून किती जागा दिली म्हणजे पुरेल?

काका : वाहनतळ पुरत नाहीत असं नाही. लोक तिथे लावत नाहीत. आर्यनमध्ये वरच्या मजल्यावर चढायचं, पैसे द्यायचे, परत चालत यायचं. त्यापेक्षा लक्ष्मी रस्त्यावर पी-वन, पी-टूच्या पाट्या बघून फुकट लावता येते. आज विषम तारीख, या बाजूला. उद्या सम, त्या बाजूला. बाजू भरली तर दुसऱ्या ओळीत लावून 'दोन मिनिटांत येतो' म्हणायचं.

आई : मग दुखणं रस्त्यावरच्या फुकट जागेचं झालं ना? त्याचं औषध आमच्या तळमजल्यावर कशाला?

माझ्या मते त्या सबंध बोलण्यातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. डोनाल्ड शूप नावाचे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले नगरनियोजनाचे प्राध्यापक जन्मभर हेच मांडत राहिले. २००५ साली आलेल्या त्यांच्या जाडजूड पुस्तकाचा विषयच फुकट पार्किंगची किंमत हा आहे. रस्त्याकडेची जागा फुकट ठेवली की ती कायम भरलेली राहते. ती भरलेली दिसते म्हणून सरकार प्रत्येक इमारतीला पार्किंगची सक्ती करतं. त्या सक्तीचा खर्च फ्लॅटच्या किमतीत, दुकानाच्या भाड्यात, पर्यायाने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बिलात शिरतो, मग त्याच्याकडे गाडी असो वा नसो. त्यांचे उपाय तीन : इमारतींवरची सक्ती काढा, रस्त्यावरच्या जागेला तिच्या मागणीप्रमाणे दर लावा, आणि तो पैसा त्याच भागात खर्च करा. अमेरिका आणि नारायण पेठ यांत अंतर खूप आहे, पण आपल्या केंद्र सरकारचं २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही पार्किंगचं शुल्क जमिनीच्या किमतीला साजेसं असावं असंच सांगतं. ते कागदावर येऊन इतकी वर्षं झाली, तरी पेठेतल्या रस्त्याकडेची जमीन गाडीवाल्याला फुकट आणि बाइंडरला दुर्मीळ, हे बदललेलं नाही.

काका : शुल्काचं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मार्च २०१८. महापालिकेच्या मुख्य सभेत पार्किंगचं धोरण आलं. केवढा गदारोळ! रात्री घरासमोर गाडी लावायचेही पैसे घेणार म्हणून लोक चिडले. शेवटी रात्रीचं शुल्क गेलं, दर खाली आले, आणि पाच रस्त्यांवर प्रयोग करू असं ठरलं. तोही वर्षानुवर्षं सुरू झाला नाही. त्याच सुमारास आरटीओच्या आकड्यांत शहरातली वाहनं माणसांपेक्षा जास्त झाली होती. जिथे प्रत्येक घरात दुचाकी आहे, तिथे कोणता नगरसेवक शुल्काला हात वर करेल? आणि खरं सांगू, वहिनी, मीसुद्धा तेव्हा विरोधातच होतो. डिलिव्हरी करणारा पोरगा, शिकवण्यांना जाणारी मुलगी, घरकाम करणाऱ्या बाईला सोडायला आलेला तिचा नवरा, या सगळ्यांच्या दुचाकी असतात. शुल्क त्यांच्या खिशातून जाणार.

आई : दुचाकीचा दर नाममात्र ठेवा. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी मावतात, तुमच्याच तक्त्याचं माप आहे. मोटारीचा दर मात्र जागेच्या मोलाचा हवा.

काका : आणि वाड्यातला भाडेकरू? आज तो रात्री स्कूटर बोळात लावतो. शुल्क आलं की तो भरणार, आणि नव्या इमारतीतला फ्लॅटवाला स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या तळमजल्यात, फुकट लावणार. ज्याला जागा आहे त्याला सूट, ज्याला नाही त्याला भुर्दंड.

या मुद्द्याचं चटकन उत्तर आईकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. नंतर तिने सुचवलं ते असं : पेठेत राहणाऱ्या प्रत्येक घराला एका दुचाकीचा रहिवासी पास अगदी कमी दरात द्यावा, पहिल्या मोटारीला त्याहून बराच जास्त, दुसरीला रस्त्यावर जागाच नको. काकांनी विचारलं, पास कोण तपासणार? आमच्या बोळात काय चालतं ते आम्ही रोज बघतो. घरासमोरची जागा अडवायला कुणी कुंडी ठेवतं, कुणी सिमेंट भरलेला तेलाचा डबा, कुणी साखळी. गाडी लावल्यास हवा सोडली जाईल अशा पाट्या आहेत आणि खरोखर हवा सोडलीही जाते. रस्ता महापालिकेचा, पण त्याची वाटणी कुंड्यांनी झालेली. ज्याचा आवाज मोठा, त्याला जागा. म्हणजे रस्ता आजही फुकट नाहीच, त्याची किंमत भांडणात मोजली जाते. अग्निशामक दलाचा बंब बोळात शिरायचा तर आधी गाड्यांच्या मालकांना हाका मारत फिरावं लागतं. लाकडी वाड्यांच्या वस्तीत याची भीती वाटायला हवी.

बोलणं मग बसकडे आणि मेट्रोकडे वळलं, आणि इथे आईला मोठा विश्वास होता.

आई : मंडई आणि कसबा पेठ, दोन स्थानकं पेठांच्या पोटात आहेत. २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाला. २०२५ च्या गणपतीत माणसं कशी आली? रस्त्यावर मांडव, गाड्यांना बंदी, आणि स्थानकावर पाय ठेवायला जागा नाही. दहा दिवस या पेठांत मोटार फिरकत नाही, आणि लक्ष्मी रस्त्यावरचे दुकानदार त्याच दिवसांची वाट बघत असतात.

काका : गणपतीला लोक खरेदीला नाही, गणपती बघायला येतात. पैठणी घ्यायला आलेलं कुटुंब, त्यात दोन म्हाताऱ्या, एक लहान मूल आणि सहा पिशव्या. त्यांना मंडई स्थानकापासून चालवणार? फुटपाथ आहे कुठे? फुटपाथवर दुचाकी, महावितरणचा डीपी, त्याच्या पुढे पथारीवाला. तुम्हाला चालायची सवय आहे, वहिनी. तुमच्या वयाच्या किती बायका तुमच्यासारख्या चालतात? पुण्यदशमच आठवा. २०२१ ला दहा रुपयांत दिवसभर मध्यवस्तीत फिरायची बस काढली. कल्पना उत्तम. पण बस त्याच रस्त्यावरून जाणार, ज्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या. बस अडकते, लोक कंटाळतात, पुन्हा स्कूटर काढतात. आधी बस चालू दे, फुटपाथ मोकळा होऊ दे, मग माझ्याकडे पार्किंग कमी मागा.

आई : बस अडकते ती कडेच्या गाड्यांमुळेच, हे तुम्हीच सांगताय. गाड्या आधी हलल्या नाहीत, तर बस चालणार कशी?

काका : आणि बस चालली नाही, तर गाड्या हलणार कशा?

इथे दोघंही थांबले. माझं मत असं, की सुरुवात फुटपाथपासून करावी. त्यासाठी इतर कशाचीही वाट बघावी लागत नाही. ११ डिसेंबरला महापालिका २०२१ पासून लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात पादचारी दिन करते. एक दिवस रस्ता माणसांना मिळतो. मुलं मधोमध खेळतात, म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसतात. काही दुकानदार नाराज असतात, तेही मी ऐकलं आहे. पण वर्षात एक दिवस उत्सव करून गिऱ्हाइकाची सवय बदलत नाही. ज्या बाईला एरवी गाडीतून उतरून थेट दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायचा असतो, तिला स्थानकापासून दुकानापर्यंत अखंड, सावलीचा, न अडखळता चालता येईल असा फुटपाथ रोज मिळायला हवा. आणि ज्यांना चालणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी उतरण्या-चढण्याची राखीव जागा दर चौकात हवी. काकांच्या दोन म्हाताऱ्यांचा प्रश्न त्याने सुटतो. त्यांना उतरवून गाडी पुढे वाहनतळात जाऊ शकते.

काका मध्येच जपानवर आले. अलीकडे आर्किटेक्टच्या बैठकांत हा विषय निघत असावा, कारण २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीच सांगितलं होतं की पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होऊ नये.

काका : जपानमध्ये १९६२ चा कायदा आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा आहे असा दाखला पोलिसांकडून आणा, मगच मोटार तुमच्या नावावर. रात्री रस्त्यावर गाडी सोडता येत नाही. असा कायदा इथे आला की प्रत्येकाला जागा लागणारच. म्हणून म्हणतो, इमारतीत आजच करून ठेवू.

आई : मला तर त्यातून उलटंच दिसतं. तो कायदा गाडी घेणाऱ्याला विचारतो, जागा कुठे आहे ते दाखव. आपली नियमावली इमारतीला विचारते. गाडी नसलेल्या शिंप्यालाही विचारते. ज्याला गाडी हवी त्यानं दोन किलोमीटरच्या आत भाड्यानं जागा घ्यावी. पत्र्या मारुतीपाशी हमालवाड्यात महापालिकेचा वाहनतळ आहे. दुकानं बंद झाली की तिथली गर्दी ओसरते. रात्री तीच जागा रहिवाशांना मासिक पासवर द्या. दिवसा गिऱ्हाईक, रात्री रहिवासी. प्रत्येक वाड्याच्या पोटात वेगळं पार्किंग खोदण्यापेक्षा हे स्वस्त नाही का?

काका : स्वस्त आहे. पण नकाशाच्या मंजुरीत ते मोजलं जात नाही. हमालवाड्यातला पास दाखवून माझ्या तक्त्यातली एकही मोटार कमी होत नाही.

काका हे पडेल स्वरात म्हणाले. मला वाटतं, त्यांचा विरोध आईच्या कल्पनेला नव्हताच. ज्या चौकटीत त्यांना काम करावं लागतं, तिथे त्या कल्पनेला दारच नाही. नियम बदलणारे लोक वेगळे, नकाशा काढणारे वेगळे, आणि वाड्यात राहणारे वेगळे. पेठेसारख्या दाट, जुन्या, चालण्याजोग्या वस्तीला आणि शहराच्या कडेच्या नव्या वसाहतीला एकाच विचाराने बांधायचं, ही यातली मूळ चूक आहे असं मी ठामपणे म्हणेन. मध्यवस्तीत, मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाता येईल एवढ्या टापूत, पार्किंगची सक्ती काढून टाकावी. ज्या विकसकाला वाटेल की गाडीच्या जागेशिवाय फ्लॅट खपणार नाही, तो बांधेलच. ज्याला दुकानं काढायची आहेत, त्याला निदान अडवू नये.

आमच्या नकाशाचं मात्र असलेल्या नियमांतच काहीतरी करायचं होतं. दोन-तीन संध्याकाळी काका पुन्हा कागद घेऊन बसले. त्यांनी मागच्या अर्ध्या भागात स्टॅक पार्किंग काढलं : दोन मजली, खाली एक मोटार आणि लिफ्टवर दुसरी. तक्ता भरतो, आणि रस्त्याकडचा पट्टा मोकळा होतो. त्या पट्ट्यात तीन गाळे बसतात.

आई : खालची गाडी काढल्याशिवाय वरची निघणार नाही. वीज गेली की दोन्ही अडकणार. दरवर्षी दुरुस्तीचा करार, गंजलेल्या साखळ्या, आणि सोसायटीच्या सभेत त्यावरून भांडणं.

काका : होणार. दर महिन्याचा देखभाल खर्चही वाढणार, आणि तो सगळ्यांना द्यावा लागणार, गाडी नसलेल्यांनासुद्धा. पण गाळे हवे असतील तर माझ्याकडे आज एवढाच मार्ग आहे.

आई : गाडी नसलेल्यांनी का द्यायचा? स्टॅकचा खर्च स्टॅक वापरणाऱ्यांनी भरावा. तसं करारात लिहा.

काका : लिहू. फक्त एक लक्षात ठेवा. स्टिल्टमधली पार्किंगची जागा विकसकाला सुटी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० लाच नहालचंद लालूचंदच्या निकालात सांगितलं होतं. त्या निकालाप्रमाणे ती जागा सोसायटीची. म्हणजे कुणाला गाडी लावू द्यायची, कितीला, हे ठरवायचं ते तुम्ही अकरा जणांनी आणि नव्या फ्लॅटवाल्यांनी मिळून. पहिल्याच सभेत ठरवलं नाही, तर जो आधी लावेल त्याची ती जागा होऊन बसेल.

आई : पहिल्याच सभेत मांडेन. आणि चौथ्या गाळ्याचं?

काका : चौथा बसत नाही. दोन मोटारींची सवलत मिळाली तर बसेल. आयुक्तांकडे अर्ज करून बघतो. सोबत मेट्रो स्थानकाचं अंतर आणि हमालवाड्याचं अंतर दाखवणारा नकाशा जोडेन. मिळेल असं वचन देत नाही.

विकसकाला नवा मसुदा दाखवला आहे. स्टॅकचा खर्च कुणी उचलायचा यावर त्याचं उत्तर यायचं आहे. बिऱ्हाडांपैकी दोघांनी आत्ताच हरकत घेतली आहे, त्यांना स्टॅक नको, साधी जमिनीवरची जागा हवी. गिरणीवाल्याला तळमजल्यावरच गाळा द्यायचा यावर सगळ्यांचं एकमत आहे. बाइंडर, शिंपी आणि वह्यांचं दुकान यांच्यापैकी कुणी वर जायचं, हे आयुक्तांचं उत्तर आल्याशिवाय ठरवायचं नाही, असा आईचा आग्रह आहे, आणि काकांनी तो मान्य केला आहे.